गणिताच्या मॅडम हैदराबादला जातात

"तसंही हाय अन् असंही हाय."

हे म्हणताना त्या चष्मा कपाळावर सरकवायच्या आणि समोरच्याकडे अशा बघायच्या, जणू उरलेलं उत्तर त्यानेच द्यायचं आहे. अभ्यासक्रम वेळेत संपेल ना, असं मुख्याध्यापकांनी विचारलं तरी हेच. चहात साखर कमी पडली का, असं शाळेतल्या मावशींनी विचारलं तरी हेच. तुमच्याही ओळखीत असं एखादं माणूस असेल. साधा हो किंवा नाही त्याच्या तोंडून निघत नाही, आणि तरी कुठल्याही गोष्टीत त्याला विचारल्याशिवाय आपल्याला चैन पडत नाही.

गंमत म्हणजे या मॅडम गणित शिकवायच्या. वर्गात त्यांचं हे वाक्य कोणी कधी ऐकलं नाही. तिथं उत्तर बरोबर असायचं, नाहीतर चूक. फळ्यावर वर्तुळ काढायचं झालं की त्या हातातली बांगडी काढून फळ्यावर दाबून धरायच्या आणि तिच्याभोवती खडू फिरवायच्या. मोठं वर्तुळ हवं असलं तर स्टाफरूममधून डब्याचं झाकण मागवायच्या. ते बहुतेक वेळा माझ्याच डब्याचं असे. मॅडमच्या वर्तुळाला फोडणीचा वास येतो, असं पोरं म्हणायची.

मी त्याच शाळेत मराठी शिकवते. माहेर माझं अमडापूरचं, लग्न होऊन संग्रामपुरात आले. आमची शाळा इंग्रजी माध्यमाची, पण ते माध्यम पुस्तकांत आणि सूचनाफलकावर. मैदानावर 'का रे'ऐवजी 'काऊन बे' आणि 'मले दे ना' असंच सगळं चालायचं. सातपुड्याच्या पायथ्याच्या खेड्यांतून पोरं यायची. दर उन्हाळ्यात आम्ही दोघी माझ्या स्कुटीवर त्या खेड्यांत प्रवेशासाठी फिरायचो. मी गाडी चालवायची आणि त्यांनी बोलायचं, अशी वाटणी होती.

बोलायच्या मात्र अशा, की ऐकत राहावं. आमच्या भागात बायकाही 'मी जातो, मी सांगतो' म्हणतात, तशाच त्याही म्हणत. ओट्यावर बसून घरच्यांना विचारायच्या, "पोरीले अकोल्याले धाडता कशाले? मी हाय ना इथं. मी शिकवतो ना." आणि शेवटी हळूच सांगायच्या, की त्यांची स्वतःची दोन्ही मुलं याच शाळेत आहेत. त्यापुढे कोणाचं काही चालायचं नाही.

वसंतरावांनीही असंच त्यांचं ऐकलं होतं. केळीची बाग, थोडी कपाशी, एकुलती एक मुलगी पल्लवी. तिला अकोल्याच्या वसतिगृहात ठेवायचं ठरलं होतं, पत्र्याची पेटीसुद्धा आणून झाली होती. आमच्या मॅडम त्यांच्या ओट्यावर बसल्या त्या ऊन उतरेपर्यंत उठल्या नाहीत. पल्लवी आमच्याकडे सातवीत आली. त्या पेटीत मग तिच्या आईनं गहू भरले.

मॅडमचे मिस्टर खामगावच्या एका कारखान्यात होते. तो बंद पडला. बरेच दिवस ते घरी बसून होते, मग एका मित्राच्या ओळखीनं हैदराबादच्या बाहेर औषधांच्या कारखान्यात लागले. वर्षभर तिकडे खोली करून राहिले. सुटीत आले की तिथल्या शाळांचं कौतुक सांगत. मॅडम आम्हाला डबा खाताना ते ऐकवायच्या आणि हसायच्या. म्हणायच्या, आमच्या घरी आता हैदराबादचा माणूस येतो.

एका दिवाळीच्या सुटीनंतर मात्र त्यांचं हसणं थांबलं. त्या सुटीत मुलांना घेऊन हैदराबादला गेल्या होत्या आणि तिथली एक शाळा बघून आल्या होत्या. मी विचारलं तेव्हा त्यांनी प्रयोगशाळेचं सांगितलं, मैदानाचं सांगितलं. मग म्हणाल्या, "ताई, तिथं एका पोरीनं गणिताच्या सरले अडवलं. म्हने, सर, हे असंच काऊन? दुसऱ्या रीतीनं काऊन नाही? अन् सर चिडले नाही."

त्यात नवल ते काय, असं मला वाटलं होतं. पण त्या बराच वेळ डब्यात नुसता चमचा फिरवत होत्या.

त्या शाळेत त्यांना नोकरीही मिळत होती. जूनपासून या, असं तिथल्या लोकांनी सांगितलं होतं.

मॅडम जाणार, ही बातमी शाळेत पसरली आणि आमचा सगळ्यांचा गोंधळ सुरू झाला. कारण त्या का जाणार, हे त्यांनी प्रत्येकाला वेगळं सांगितलं. मुख्याध्यापकांना सांगितलं, मिस्टरांच्या जेवणाचे हाल होतात. सासूबाईंना सांगितलं, दोनच वर्षांचा प्रश्न आहे. शेजारणीला सांगितलं, मुलाला पुढे इंजिनीअर करायचं आहे. मावशींना तर म्हणे, इथला उन्हाळा सोसत नाही असं सांगितलं; हैदराबादला काय गारवा असतो, ते त्यांनाच ठाऊक. आम्ही स्टाफरूममध्ये ही सगळी कारणं एकमेकांना सांगायचो आणि त्यातलं खरं कुठलं यावर वाद घालायचो. शेवटी मी त्यांनाच विचारलं. त्या म्हणाल्या, "मलेच समजून नाही राह्यलं, ताई. सकाळी एक वाटते, दुपारी दुसरं."

मग एक दिवस वसंतराव शाळेत आले. दहावीच्या उंबरठ्यावरची मुलगी, त्यात गणिताच्या मॅडम जाणार, म्हणजे ते येणारच होते. स्टाफरूममध्ये आम्ही दोघीच होतो. भांडायला आले असतील म्हणून मी जरा सावरून बसले. पण ते खुर्चीच्या अगदी कडेला टेकले, रुमालानं मान पुसली, आधी पावसापाण्याचं बोलले. मावशींनी आणलेला चहा त्यांनी सगळा पिऊन संपवला. मग कप खाली ठेवत म्हणाले, "मॅडम, तुमी म्हनलं म्हून मी पोरगी इथं ठेवली. आता तुमीच चालल्या. तर तवा तुमी खरं बोलल्या का आता खरं हाय?"

मी मॅडमकडे पाहिलं. मला वाटलं, आता चष्मा कपाळावर जाईल. तो गेला नाही.

"तवा मले तेच खरं वाटे, भाऊ."

"अन् आता?"

"आता भेव वाटते. माह्या पोराईचं नुकसान होईन असं वाटते."

वसंतरावांनी मान हलवली. त्यांना ते पटलेलं दिसलं. मग त्यांनी अगदी साधेपणानं, जणू भाव विचारावा तसं विचारलं, "अन् माह्या पोरीचं?"

बाहेर प्रार्थनेच्या मैदानावर लहान वर्गाचा खेळाचा तास चालला होता. वसंतराव उठले. दारात जाऊन म्हणाले, "तुमी जा, मॅडम. लेकरासाठी मानूस जातेच. फक्त पोरीले गनित कोन शिकवन, तेवढं सांगून जा." आणि पायऱ्या उतरून गेले.

ते सांगणं काही सोपं नव्हतं. मुख्याध्यापक पार जळगाव जामोदपर्यंत फिरून आले, तरी दहावीला गणित शिकवायला कोणी मिळेना. एक जण मिळाला, तो दोन दिवस शिकवून गेला आणि परत आलाच नाही.

जून उजाडला. मॅडमच्या घरी सामान बांधून झालं होतं. आम्ही निरोपाचा कार्यक्रम केला, साडी दिली, दोघीतिघी रडल्याही. दुसऱ्या दिवशी अकोल्याहून गाडी होती. मी त्यांना सोडायला स्टेशनवर गेले. मिस्टर, सासूबाई, मुलगा, धाकटी मुलगी, सगळं सामान डब्यात चढलं. सासूबाई आधी अजिबात येणार नव्हत्या, आणि आता तिखटाचा डबा मांडीवर घेऊन खिडकीची जागा धरून बसल्या होत्या. गाडी सुटायची वेळ झाली, तरी मॅडम माझ्या बाजूला फलाटावरच उभ्या.

मी म्हटलं, "अहो, चढा ना."

"मी नाही जात. वर्षभर इथंच राह्यतो. घरी बोलणं झालं काल."

गाडी हलली. धाकटी खिडकीच्या गजांना धरून आईकडे बघत होती. रडत नव्हती. आई मागच्या डब्यात चढणार आहे, असंच बहुतेक तिला वाटत होतं. मॅडम गाडीबरोबर थोडं चालल्या, मग थांबल्या आणि तिथल्या बाकावर बसल्या. त्यांच्या हातात मुलीची पाण्याची बाटली तशीच राहिली होती.

परत येताना बसमध्ये मी खूप विचारलं. मुलांच्या शाळेसाठी सगळा खटाटोप, आणि मुलं पाठवून आई इथं, हे कसलं गणित? वसंतराव बोलले म्हणून का? मी दहावीला शिकवून पाहिलं असतं, आमच्या सायन्सच्या सरांनी सांभाळलं असतं. त्या बाहेर बघत राहिल्या. वरवट बकालचा थांबा आल्यावर एकच बोलल्या, "माह्या लेकराईले बाप हाय तिथं, आजी हाय. या पोट्ट्याईले गणिताले कोणीच नाही." आणि लगेच म्हणाल्या, "चुकलं का वो माझं?"

मी चुकलं म्हटलं नाही आणि बरोबर आहे असंही म्हटलं नाही. तुम्ही काय म्हटलं असतं?

गावात तर लोकांनी वाटेल ते म्हटलं. नवऱ्याशी पटत नसेल इथपासून हैदराबादची नोकरी खोटीच असेल इथपर्यंत. मॅडम दुसऱ्या दिवशी निरोपाचीच साडी नेसून पहिल्या तासाला दहावीच्या वर्गात उभ्या राहिल्या. मुख्याध्यापकांना कौतुक करावं की साडी परत मागावी, कळेना.

ते वर्ष त्यांनी कसं काढलं, ते मी जवळून पाहिलं. रिकाम्या घरात जाववत नसे म्हणून शाळा सुटल्यावर दहावीचा जादा तास घ्यायच्या, मग माझ्याकडे येऊन बसायच्या. संध्याकाळी तिथूनच फोन लावायच्या. मुलगा दोन वाक्यांत आटपायचा. धाकटी मात्र सुरुवातीला नुसती रडायची. वर्गात सगळे तेलुगू बोलतात, बाईंनी काय लिहायला सांगितलं ते कळत नाही, म्हणून कोरी वही घेऊन घरी येते, असं सासूबाई सांगायच्या. मॅडम फोन ठेवायच्या आणि दुसऱ्यांच्या पोरांच्या वह्या तपासायला घ्यायच्या. एकदा मी न राहवून म्हटलं, आता तरी जा. त्या म्हणाल्या, प्रमेयं संपू द्या.

दसऱ्यानंतर रडणं थांबलं. एका संध्याकाळी धाकटी फोनवर घाईघाईनं काहीतरी म्हणू लागली. "ओकटि, रेंडु, मूडु, नालुगु..."

"काय म्हणून राह्यली वो हे?" मॅडमनी विचारलं.

"मम्मी, मोजून राह्यली ना मी."

मॅडम हसल्या, शाबास म्हणाल्या. फोन ठेवल्यावर माझ्या ओट्यावर जाऊन बसल्या. म्हणाल्या, "पोरगी आकडे मोजून राह्यली होती, ताई. अन् मले ते आकडे हायेत हेच समजलं नाही."

पल्लवीचा गणिताचा पेपर चांगला गेला. सगळ्याच वर्गाचा बरा गेला. शेवटचा पेपर झाल्याच्या दुसऱ्या दिवशी मॅडम गेल्या. या वेळी खरंच चढल्या गाडीत. वसंतराव केळीचा घड घेऊन अकोल्यापर्यंत आले होते. पल्लवीला आता अकरावीला अकोल्यालाच ठेवणार, असं त्यांनी सांगितलं. मॅडम म्हणाल्या, बरं करता. दोघंही हसले. त्या हसण्याचा अर्थ मला आजही नीट लागलेला नाही.

हैदराबादच्या त्या शाळेनं मॅडमची जागा धरून ठेवली नव्हती. तिथं दुसरं कोणी लागलं होतं. मॅडमना घराजवळच्या लहान शाळेत काम मिळालं, दुसरीच्या वर्गावर. दहावीला प्रमेयं शिकवणारी बाई आता मणी मोजायला शिकवते, असं त्यांनीच मला फोनवर सांगितलं. वाईट वाटतं का, विचारलं, तर म्हणाल्या, रोज नाही वाटत.

मागच्या दिवाळीच्या सुटीत मी त्यांच्याकडे जाऊन आले. आपल्याकडे सुटी असली तरी तिकडच्या शाळा तेव्हा सुरू असतात. मुलगा माझ्याशी इंग्रजीत बोलला, मग लाजून मराठीत बोलला. सासूबाई इमारतीखाली एका तेलुगू म्हातारीबरोबर बसतात. ती तिचं बोलते, या यांचं बोलतात, आणि दोघींचं सुनांविषयी एकमत आहे असं दिसतं.

दुपारी मॅडम मला धाकटीच्या शाळेवर घेऊन गेल्या. फाटकाबाहेर आयांची गर्दी. आतून एकाच रंगाच्या कपड्यांतली मुलं सुटली. मॅडम टाचा उंचावून बघत होत्या, चष्मा पुसून बघत होत्या. मुलगी आमच्या मागून आली, आईच्या पाठीवर थाप मारून हसली. मैत्रिणीकडे वळून तेलुगूत काहीतरी बोलली. मैत्रीण माझ्याकडे बघून खुदकन हसली.

"काय म्हनलं हो तिनं?" मॅडमनी मला विचारलं. मला.

मला काय कळणार होतं? मी खांदे उडवले. तेवढ्यात मुलीनं रस्त्याकडे हात करून एक रिक्षा थांबवली. रिक्षावाल्यानं भाडं सांगितलं. तिनं मान झटकली, कमरेवर हात ठेवला आणि त्याच्याशी घासाघीस सुरू केली. तो हात जोडायचा, ती पुन्हा बोलायची. आम्ही दोघी शिक्षिका तिचं दप्तर आणि डबा सांभाळत फूटपाथवर उभ्या होतो. त्यातलं अक्षरही कळत नव्हतं, आणि मॅडम मात्र प्रत्येक वाक्याला मान डोलवत होत्या.

शेवटी रिक्षावाला हसला. मुलगी आत बसली, कडेला सरकली आणि आईला म्हणाली, "चल ना वो मम्मी, बस."

मॅडम चढल्या.