डॉक्टरसाहेबांना दिलेली गाडी

कोणी मला एखादी वस्तू स्वस्तात देऊ लागला, की मी आधी देणाऱ्याकडे बघते आणि मग वस्तूकडे. भाजीवालीने दोन काकड्या वर घातल्या तरी मी त्या उलटूनपालटून पाहते. माझ्या या स्वभावाला आमचे हे ‘पोलीस खातं’ म्हणायचे. म्हणेनात का. विश्वास पानिपतात गेला, असं आपल्याकडे काही उगीच म्हणत नाहीत. त्यामुळे मुंबईहून आलेला तो गोडबोल्या गृहस्थ आमच्या मल्हारगंजातल्या घरात बसून चहा पिता पिता म्हणाला, “वहिनी, या मोटारीत तुमचं नशीब आहे,” तेव्हा मी पहिल्यांदा त्याचे बूट पाहिले. बुटांचे तळवे झिजले होते. ज्याच्याकडे दुसऱ्याचं नशीब असतं त्याचे बूट असे नसतात, हे मी त्याच दिवशी यांना सांगितलं.

तेव्हा नवा मध्य प्रदेश झाला होता आणि राजधानी भोपाळला गेली होती. इंदूरच्या कचेऱ्या एकेक करून तिकडे चालल्या होत्या. यांच्या घराण्याने तीन पिढ्या दरबारात कलम घासलं, हे स्वतः सरकारी खात्यात हेडक्लार्क, आणि आता खातंच गाडीत भरून निघालेलं. यांनाही हुकूम आला. भोपाळला जायचं म्हटलं की यांचा चेहरा एरंडेल प्यायल्यासारखा व्हायचा. माझं दुखणं वेगळं होतं. मुलींच्या शाळेत मला कायम करून वर्षसुद्धा झालं नव्हतं. ती नोकरी मी सासरी भांडून, माहेरी भांडून मिळवली होती. घरात आम्ही दोघंच, तरी ‘बाई कमवायला जाते’ म्हणून गल्लीने दोन वर्षं नाकं मुरडली होती. भोपाळला जायचं म्हणजे ते सगळं पाण्यात. तर यांनी लांब रजा टाकली आणि या मुंबईवाल्याशी सौदा केला. युरोपातल्या कुठल्याशा कंपनीच्या तीन मोटारी, सरकारने बाहेरच्या गाड्या बंद करण्याआधी बोटीने आलेल्या. रजा संपेपर्यंत या तिन्ही विकून दाखवायच्या, म्हणजे इंदूरची एजन्सी कायमची आपली, आणि भोपाळ टळलं. पुढे म्हणे कंपनी इकडेच गाड्या जोडणार होती.

“एवढी गुणाची गाडी आहे, तर मुंबईत का नाही खपली?” मी विचारलं.

“मुंबईचे लोक नावाला भुलतात,” हे म्हणाले.

“आणि इंदूरचे काय, मालाला भुलतात? अहो, इथे साडीसुद्धा कोणत्या दुकानाच्या पिशवीतून आली ते आधी बघतात.”

यावर यांनी मान डोलावली. पण माणूस एकदा मोटारीच्या पुढच्या सीटवर बसला, की मागे कोण काय बोलतं ते त्याला ऐकू येत नाही.

गाडी दिसायला ठेंगणी, पाठीकडून गोल, रंग हिरवट करडा. तिचे पुढचे दरवाजे उलट बाजूने उघडायचे, त्यामुळे उतरताना प्रत्येक जण एकदा तरी चुकायचा. पेट्रोलमध्येच तेल मिसळावं लागे आणि इंजिनाचा आवाज असा की कढईत लाह्या फुटताहेत. नाव तर असं की तीन गिऱ्हाइकं ते तीन तऱ्हेने घ्यायची आणि चौथं घ्यायचंच नाही. मी ठरवूनच टाकलं होतं की काहीतरी खोट असणार. यांनी मला आता अन्नपूर्णेचं देऊळ आहे त्या बाजूला फिरायला नेलं, तिकडे तेव्हा वस्ती विरळ होती, तर मी सगळ्या वाटेने कान टवकारून बसले होते, कुठे खडखडतं का, कुठे जळल्याचा वास येतो का. काही म्हणजे काही झालं नाही. वाटेत एका सरदार घराण्यातली लांबलचक विलायती मोटार बॉनेट उघडून, धापा टाकत उभी होती. आमची ठेंगणी तिच्या शेजारून लाह्या फोडत निघून गेली. गाडी चांगली होती, हे मला मान्यच करावं लागलं. पण मग इतकी स्वस्त का, हा किडा काही डोक्यातून गेला नाही.

माझ्याच नाही, सगळ्या शहराच्या डोक्यात तोच किडा होता. यांनी तोपखान्यावर, भर बाजारात, अर्धं दुकान भाड्याने घेतलं होतं, शाळा सुटली की मी तिकडून होऊन घरी जायची. सराफ्यातले शेठ यायचे, कापडवाले यायचे. गाडीवरून हात फिरवायचे, टायरला पायाने टोचायचे, आत बसून बघायचे. भाव ऐकला की खूश व्हायच्याऐवजी त्यांच्या कपाळाला आठ्या पडायच्या. “भिया, इतने में कैसे दे रहे हो?” पहिला सवाल हा. दुसरा, “पार्ट कहाँ से आएँगे?” तिसरा, “बेचने जाएँगे तो लेगा कौन?” अजून घेतली नाही आणि विकायचं काढलं! मला हसू यायचं, पण खरं सांगायचं तर मीही तेच विचारलं असतं. आणि उठता उठता शेवटचा सवाल असायचा: “वैसे शहर में किसके पास है ये?”

कोणाकडेच नव्हती ती. आणि कोणाकडे नाही म्हणून कोणी घेत नव्हतं.

मग यांच्या डोक्यात कल्पना आली. तीनपैकी एक गाडी मोठ्या डॉक्टरसाहेबांना वापरायला द्यायची, बिनपैशाने. डॉक्टरसाहेब म्हणजे आमच्या मराठी मंडळींत देवमाणूस. एके काळी राजघराण्याला औषध देणारा हात, आणि गल्लीतल्या तेलणीलाही तेच औषध, त्याच हाताने. त्यांच्या दारातली मोटार बघून कोण नाक मुरडेल? कल्पना यांची होती तरी चांगली होती. म्हणून मी दुसऱ्या बाजूने संशय घेतला. फुकटची गाडी, डॉक्टर ती दगडधोंड्यातून पिदडणार आणि आपल्याला खुळखुळा परत देणार. तर डॉक्टरसाहेब म्हणाले, “चालवतो, पण पेट्रोल माझं, ड्रायव्हर माझा.” हे ऐकून तर मला जास्तच शंका आली. इतका सरळ माणूस असतो कुठे?

तो होता सरळ. घोळ त्याच्यात नव्हताच.

पहिला महिना नुसती बहार. जिकडे तिकडे ती हिरवट करडी गाडी. लोक दुकानात येऊन म्हणायचे, “डॉक्टरसाब वाली दिखाओ.” नावाची अडचणच संपली. सराफ्यातल्या एका बड्या शेठने तर पक्कंच केलं, मुलीच्या लग्नात जावयाला हीच द्यायची. शेठाणीला दाखवायला घेऊन आले त्या दिवशी मी दुकानात होते. शेठाणी पायरी चढली, गाडी बघितली आणि तिथेच थांबली. पदर सरसावून नवऱ्याला म्हणाली, “ये तो वोही गाड़ी है.”

“वोही मतलब?” शेठ म्हणाले.

“जेठजी के टाइम घर के सामने यही खड़ी थी. सामनेवाले दादाजी गए तब भी यही आई थी. मेरी बेटी इसमें बिदा होगी?”

ती वळली ती वळलीच. शेठ दोन मिनिटं उगीच टायर बघत राहिले, मग तेही गेले.

आता बघा, एवढी मी शंकेखोर, सगळ्या बाजूंनी जाळं टाकून बसलेली, पण ही गोष्ट माझ्या स्वप्नातही आली नव्हती. डॉक्टरसाहेब हे शेवटचे डॉक्टर होते. आधी घरगुती काढा, मग वैद्य, मग गल्लीतला कंपाउंडर, मग त्याच्याहून मोठा, आणि सगळ्यांनी हात टेकले की मग “डॉक्टरसाहेबांना बोलवा.” तोवर रोग्याचा एक पाय पलीकडे गेलेला असायचा. पूर्वी ते टांग्याने येत, टांगे शहरात शंभर, कोण लक्ष ठेवतो? आता त्यांची गाडी एकच, तशी दुसरी नाही, आणि आवाज गल्लीच्या तोंडापासून ओळखू यावा असा. मल्हारगंजातल्या गल्ल्या एवढ्याशा, गाडी दारात लागली की सगळ्या खिडक्यांना कळायचं. दुसऱ्या दिवशी त्याच दारात बांबू दिसायचे. असं चारदा झालं की पाचव्यांदा लोक गाडी बघूनच टोप्या काढायला लागले. बायका लेकरांना आत ओढून घ्यायच्या. करायला गेलो गणपती आणि झाला मारुती, म्हणतात ते हे.

एका लग्नात तर कमालच झाली. डॉक्टरसाहेब नुसते जेवायला म्हणून गेले होते. मांडवासमोर गाडी थांबली आणि नवरीची आत्या रडायलाच लागली, कोणाला काय झालं म्हणून. यजमान धावत बाहेर आले आणि हात जोडून म्हणाले, “साहेब, तुम्ही या, तुम्ही देव आहात, पण गाडी तेवढी पलीकडच्या गल्लीत लावा.” डॉक्टरसाहेबांनी लावली. नंतर यांना भेटल्यावर म्हणाले, “त्या बिचाऱ्या गाडीचा काय दोष? बोलावतातच मला उशिरा.”

यांना मात्र हसू येत नव्हतं. हे भांडायचे. दुकानात भांडायचे, पारावर भांडायचे, घरी येऊन भिंतींशी भांडायचे. “शिकलेले लोक! वकील आहे तो, वकील! आणि म्हणतो, भिया, घरवाली मना करती है. पत्र्याला काय कळतं कोण मरतंय ते?” माणूस तळमळत होता आणि बोलत होता ते सोळा आणे खरं होतं. मग यांनी भाव उतरवला. मी म्हटलं, नका उतरवू, संशयाला खतपाणी घालताय. ऐकलं नाही. झालं तेच. सराफ्यात बोलायला लागले, “अब तो पक्का कुछ है.” मग डॉक्टरांकडून गाडी परत मागू या, असं मी सुचवलं, तर हे खवळले. “म्हणजे लोक म्हणतात ते खरं, असं मीच सांगू? बिलकुल नाही. माझ्या दारात उभी करून दाखवीन, महिनाभर.” त्या दिवशी मला यांचा अभिमान वाटला. विकली जावी असं मला त्या गाडीच्या बाबतीत पहिल्यांदा मनापासून वाटलं, आणि शाळेतही त्या आठवड्यात मी अगदी खणखणीत शिकवलं.

उन्हाळा लागला आणि यांना ताप आला. रजा संपायला थोडेच दिवस राहिले होते. काढा झाला, गल्लीतल्या वैद्यांच्या पुड्या झाल्या, ताप हटेना. शेजारच्या काकांना मी म्हटलं, जा, डॉक्टरसाहेबांना घेऊन या. काका चपला घालता घालता अडखळले, माझ्याकडे बघितलं, आणि गेले.

भर दुपारी लाह्या फुटल्याचा आवाज गल्लीत शिरला. समोरच्या खिडकीत पडदा हलला. खालच्या बिऱ्हाडातल्या सुनेने ओट्यावर खेळणारं पोर उचललं आणि दार लावून घेतलं. माझ्या डोक्यात तिडीक गेली. माझा नवरा जिवंत आहे आणि ही बया दार लावते! मी खिडकी सताड उघडली. मनात म्हटलं, लागू दे गाडी बरोबर आमच्या दारात. बघा म्हणावं सगळ्यांनी. आम्ही विकतो ती, आम्हाला तिची भीती नाही.

इतक्यात यांनी माझं मनगट धरलं. हात भाजत होता.

“अगं,” हे म्हणाले, “गाडी पुढे लावायला सांग. दारात नको.”

तापात बरळताहेत म्हणावं, तर डोळे स्वच्छ होते. मी बघत राहिले तशी यांनी मान भिंतीकडे फिरवली.

मी खाली गेले. डॉक्टरसाहेब बॅग घेऊन जिन्याच्या तोंडाशी पोचले होते. मी त्यांच्या मागे उभ्या गाडीकडे बघितलं. त्यांनी माझा चेहरा बघितला, मागे वळले आणि ड्रायव्हरला म्हणाले, “पुढे कोपऱ्यावर लाव रे.” असं सांगायची त्यांना सवयच झालेली दिसली.

वर येऊन त्यांनी नाडी बघितली, पोट दाबून पाहिलं, जीभ बघितली. “टायफॉइड आहे. वेळेवर बोलावलंत, बरा होईल,” म्हणाले. मला रडू आलं. आनंद झाला म्हणून रडतेय असं त्यांना वाटलं, आणि आनंद झालाच होता, खोटं का बोलू. हे अजून भिंतीकडेच तोंड करून होते. दोन गाड्या तोपखान्यावर आणि एक आमच्या गल्लीच्या कोपऱ्यावर उभी होती, आणि आता त्यांतली एकही विकली जाणार नव्हती. डॉक्टरसाहेब औषध लिहून देत होते. मी पायथ्याशी उभी राहून शाळेच्या मोठ्या बाईंना भोपाळचं कसं सांगायचं, त्याची वाक्यं जुळवत होते.