खजुराच्या बियांची ब्रिगेड

नव्वदच्या दशकात मस्कतला अझैबाच्या किनाऱ्यावर एक रशियन म्हातारा रोज संध्याकाळी खजूर खात बसायचा आणि बिया वाळूत ओळीने रोवायचा. नर्स असलेल्या लेकीकडे राहायला आला होता. महायुद्धात सोव्हिएत फौजेत रणगाडा चालवायचा म्हणे. एकदा बियांकडे बोट दाखवून मला मोडक्या इंग्रजीत म्हणाला, "माझी ब्रिगेड."

मी गोंधळलोच. लढाई म्हणावी, तर समोर कोणीच नाही!

"अहो, मग जर्मन कुठायत?"

"त्यांना त्यांच्या घरचे आठवतील. हे आमचे. जळालेले."

उगाच विचारलं, "आणि यात तुम्ही कुठे?"

त्याने मूठ उघडून पुढे केली. तळव्यावर शेवटचा, न खाल्लेला खजूर होता. घ्यावा की नको, मला कळेना.