दाराला लावलेली काटी

खालापूरकडच्या शिळफाट्याच्या ठकूबाईला गावपुढारी 'आगाऊ बाई' म्हणायचे, आणि तिला ते मनापासून आवडायचं. त्या आगाऊपणाची सुरुवात मात्र एका अपमानातून झाली होती. पहिल्या निवडणुकीच्या वेळी ती नवी नवरी. याद्या करणारा माणूस दारात आला तेव्हा रीतीप्रमाणे सासू पुढे झाली. परक्या पुरुषाला सुनेचं नाव सांगायचं नाही, म्हणून कागदावर 'श्रीपतची बायको' एवढंच गेलं. अशा बिननावाच्या नोंदी सरकारने रद्द करून टाकल्या. मतदानाच्या दिवशी ठकूबाई ठेवणीतलं लुगडं नेसून गेली आणि "नाव नाय तर मत नाय" एवढं ऐकून परत आली. तिला सरकारचा राग आला आणि घरच्यांचाही. तो राग तिने जन्मभर विझू दिला नाही, आणि बरंच केलं.

छप्पन साली घराने धम्मदीक्षा घेतली. श्रीपत साजगावच्या कारखान्यात लागला. याद्यांचे दिवस आले की ठकूबाई घरातलं आवरून गावोगाव हिंडायची. पगार नाही, भत्ता नाही. दारात उभी राहून सासवांना सांगायची, "सुनंला बोलवा भायेर. तिचं नाव तिच्या तोंडानं सांगू द्या." एखादी सासू फटकळ निघाली की ही तिच्याहून फटकळ व्हायची. तिच्या अंगावर कुत्री सोडणारेही भेटले.

पण तिची खरी लढाई झाली ती डोंगराखालच्या कातकरवाडीसाठी. अडुसष्टच्या सुमाराची गोष्ट. वाडीला विहीर नव्हती. पंचायतीची निवडणूक तोंडावर होती आणि यंदा विहिरीचा शब्द घेतल्याशिवाय मत द्यायचं नाही, असं वाडीने ठरवलं होतं. आता, दिवाळी सरली की ही वाडी वीटभट्टीच्या कामाला जाते आणि पावसाच्या तोंडावर परतते. तलाठी याद्या तपासायला आला तो नेमका मधल्या दिवसांत. वाडीत चिटपाखरू नाही, प्रत्येक दारात बोराटीची काटी, म्हणजे काटेरी फांदी, आडवी. त्याने 'वस्ती ओसाड' असा शेरा मारला आणि सगळी नावं खोडायला काढली. सरपंचाला ती विहीर आपल्या परसात हवी होती, त्याला तर आयतंच फावलं.

अरे, ओसाड घराला कोण कशाला काटी लावील? काटी म्हणजे गरिबाचं कुलूप. घरचे परत येणार आहेत, तोवर गुरंढोरं आत शिरू नयेत, एवढाच तिचा अर्थ. त्या मुलखातलं शेंबडं पोरही हे सांगेल. तलाठ्याने कुणाला विचारलंच नाही.

ठकूबाई तडक खालापूरच्या मामलेदार कचेरीत गेली. "सायेब, तुमी सुट्टीत गावी जाता तवा दाराला काय लावता?"

"कुलूप," साहेब म्हणाले.

"मंग तुमचंबी नाव खोडायचं का?"

साहेब भडकले. "काटीचा पुरावा चालत नाही बाई. सोमवारपर्यंत माणसं समोर उभी करा, नाहीतर नावं गेली."

ती एसटी धरून भिसेगावच्या पुढच्या भट्टीवर पोचली. भट्टीवाल्याने आधीच दम भरला, "जो जाईल त्यानं परत तोंड दाखवायचं नाय." वाडीतला जाणता माणूस नवशा चिखल मळत होता. त्याने विचारलं, "ठकूबाय, आमी आलो नाय तर?"

"तर विहीर सरपंचाच्या परसात. आन तुमी कुठंच नाय."

नवशाने चिखलाचे हात कमरेच्या फडक्याला पुसले. "चला रं समदी," तो म्हणाला. भट्टीवाला ओरडत राहिला आणि माणसं चालू लागली.

सोमवारी कचेरीचं आवार भरलं. साहेबांनी पहिल्याच पोरीला नाव विचारलं, तर ती नवऱ्याच्या तोंडाकडे बघायला लागली. ठकूबाई मधे पडली. "त्याच्याकडं काय बघतीस गं? तुझं नाव तुला ठावं हाय ना?"

"सुंदरा," पोरगी म्हणाली. मग पुढची बोलली, मग तिच्या पुढची. म्हाताऱ्यासुद्धा मान वर करून बोलल्या. साहेब लिहीत गेले. ठकूबाईचे डोळे भरून आले. आवारात उभ्या असलेल्या सरपंचाला ते दिसू नयेत म्हणून तिने तोंड फिरवलं. विहीर व्हायला पुढे बरेच खेटे घालावे लागले, पण झाली, आणि वाडीतच झाली.

बऱ्याच वर्षांनी श्रीपत वारला, तशी ठकूबाई खचली. थोरला मुलगा सहदेव औषधपाण्यासाठी तिला कल्याणला घेऊन गेला, आणि शिळफाट्याचं घर बंद झालं. त्याच साली पुन्हा याद्यांची तपासणी निघाली. नवा तलाठी दारात येऊन बघतो तर कुलपावर बोराटीची काटी. ती लावणारा कातकरवाडीचा नवशा शेजारच्या ओट्यावर राखणीला बसलेला, आता पार म्हातारा.

"बाई घर सोडून गेल्या ना?" तलाठ्याने विचारलं.

"काटी दिसत नाय का?" नवशा म्हणाला. "येनार हाय ती."

आणि ती आली. सहदेवच्या खांद्याचा आधार घेत आली, मत दिलं, शाईचं बोट नवशाला दाखवून हसली. त्याच पावसाळ्यात ती कायमची गेली.

पुढच्या तपासणीला तलाठी आला तेव्हा दारात काटी नव्हती. नवशाने ती आपल्या हाताने काढून ठेवली होती. आळीतल्या बाया गोळा झाल्या.

"आता खोड," नवशा म्हणाला. तलाठ्याने पेन उघडलं, तसा नवशाने हात आडवा घातला. "थांब. आधी तिचं नाव वाच."

"ठकूबाई श्रीपत..." तलाठी पुटपुटला.

"मोठ्यानं वाच रं," नवशा म्हणाला. "समद्या बायांना ऐकू दे."