एकदाच लागणारा दिवा

सोमवारी सकाळी स्टुडिओत बसले तेव्हा माझं सगळं लक्ष पर्समधल्या मोबाइलकडे होतं. स्टुडिओत मोबाइल बंद ठेवायचा असतो. मी तो नुसता थरथरेल असा ठेवून पर्स मांडीवर घेऊन बसले होते. शनिवारपासून अप्पांचा मिस्ड कॉल आला नव्हता.

आमच्या घरी मिस्ड कॉल म्हणजे निरोप. माझे वडील, म्हणजे अप्पा, दिवाळी झाली की मेंढरं घेऊन म्हसवडकडून खाली कृष्णाकाठाला उतरतात. ऊस तुटलेल्या रानात मेंढरं बसवायची, शेतकऱ्याला खत, मेंढरांना चारा. रोज नवं रान. संध्याकाळी मेंढरांभोवती जाळी लावून झाली की मला एक रिंग द्यायची आणि कट करायचा. म्हणजे पोचलो, बरा आहे. मी उचलायचा नाही. एकदा चुकून उचलला तर म्हणाले, "का गं, काय झालं?" फोनवर बोलणं हे त्यांच्या लेखी काहीतरी बिघडल्यावर करायचं काम.

यंदा त्यांनी निघूच नये असं मी सांगितलं होतं. दसऱ्याला ताप येऊन गेलेला, सोबतीला एकच म्हातारा गडी, आणि तो फोनला हातही लावत नाही. "मग मेंढरं काय तुज्या फ्लॅटात बांधू व्हय?" एवढं बोलून ते चालू लागले. आणि आता त्यांचा नंबर लावला की एक बाई गोड आवाजात सांगत होती, संपर्क क्षेत्राबाहेर. त्या बाईचा गळा दाबावासा वाटत होता.

मी सांगलीला रेडिओवर नैमित्तिक निवेदिका आहे. त्या आठवड्यात सकाळचा गप्पांचा कार्यक्रम माझ्याकडे होता. सोमवारचा विषय गुडघेदुखी. डॉक्टर छान बोलत होते, मी नुसती हुंकार भरत होते. मध्येमध्ये सवयीने स्टुडिओचा नंबर सांगत होते, एक एक आकडा सुटा करून, कारण आमचा श्रोता हातातलं काम टाकून कागद शोधायला जात नाही, ऐकून ऐकूनच पाठ करतो. स्टुडिओत फोन वाजत नाही, टेबलावर लाल दिवा लागतो. तो एकदाच लागला आणि विझला. काचेपलीकडे फोन घ्यायला आणि गाणी लावायला बसणाऱ्या काकांनी मान हलवली.

मंगळवारचा विषय हळदीचं पीक. पाहुण्यांना मी एकच प्रश्न दोनदा विचारला आणि त्या भल्या माणसाने दोन्ही वेळा मन लावून उत्तर दिलं. तेवढ्यात पुन्हा दिवा लागला, विझला. "आज येगळाच नंबर हाय," काका कार्यक्रमानंतर म्हणाले. "टवाळ पोरं असतील." त्या लाईनवरून बाहेर फोन लागत नाही, त्यामुळे उलटा फोन करून बघायची सोय नव्हती. मला तरी कुठे बघायचं होतं? माझा जीव माझ्या पर्समध्ये अडकलेला.

बुधवारीही दिवा लागला, विझला. कार्यक्रम संपल्या संपल्या आष्ट्याच्या एका ओळखीच्या खतदुकानदाराला फोन केला. अप्पा दरवर्षी त्या बाजूला असतात. "आवं ताई, मेंढरं लय उतरल्यात," तो म्हणाला. "त्यातनं तुमच्या वडलांची कशी वळखू?" रजा मागितली तर बदली माणूस नव्हता. घरी जेवायला बसले, उठले, उगाच गॅलरीत गेले, परत येऊन बसले. भात गार झाला.

गुरुवारी विषय होता मुलं आणि मोबाइल. दिवा लागला, विझला. माझा ताबा सुटला. "रोज कुणीतरी रिंग देऊन फोन कट करतंय," मी चालू कार्यक्रमात म्हणाले. "बोलायचं असेल तर बोला. नाहीतर लाईन अडवू नका." साहेबांनी नंतर बोलावून घेतलं. म्हणाले, आवाज चढला होता. मी सॉरी म्हणाले, पण मनातून नाही.

शुक्रवारी बचत गटाच्या बायकांनी फोनवर फोन केले. मिस्ड कॉल आला नाही. "बसला दम," काका खूश झाले. मी दुसऱ्या दिवशी कार्यक्रम झाला की एसटीने आष्टा गाठायचं, रान न् रान पालथं घालायचं, असं ठरवून टाकलं. चपलांऐवजी बूट घालून आले शनिवारी.

शनिवारी विषय नसतो. ज्याला जे वाटेल ते बोलायचं. पहिले दोन फोन झाले. तिसरा घेतला आणि कानात कर्कश शिट्टी घुसली. आमच्या श्रोत्यांची ही खोड जुनीच. फोन लावतात, पण शेजारचा रेडिओ बंद करत नाहीत. आपला आवाज त्यातून कसा येतो ते त्यांना ऐकायचं असतं.

"रेडिओ जरा लांब ठेवता का?" मी म्हणाले.

"ठिवला," पलीकडून आवाज आला. अप्पा फोनवर बोलत होते.

"ताई, ती रिंग देनारा मीच. रागावू नगा. माजा फोन कालव्यात पडला. रोज ज्येच्या रानात मेंढरं, त्येच्या फोनवरनं देत हुतो. दुसरा कुनाचा नंबर पाठ न्हाई. ह्यो तेवढा झालाय, तुमी सारका सांगता म्हनून."

रेडिओवर शांतता चालत नाही, म्हणून जे पहिलं सुचलं ते विचारलं. "मग काल नाही केला फोन?"

"तुमी म्हनलासा, बोलायचं तर बोला. मग काय बोलायचं, त्येचा काल दिवसभर इचार केला."

काका हसत होते. त्यांना काही कळलं नव्हतं. मला मोठ्यांदा रडावंसं वाटत होतं आणि त्याच वेळी अप्पांना चांगलं फैलावर घ्यावंसंही वाटत होतं. दोन्ही करता येत नव्हतं, सगळा जिल्हा ऐकत होता.

"तब्येत कशी आहे आपली?"

"बेस हाय. ताप न्हाई."

फोन ठेवण्याआधी प्रत्येकाला विचारायचा एक प्रश्न असतो. तो मी विचारला. "कार्यक्रमातून कुणाला निरोप द्यायचाय?"

"हाय की. आमची पोरगी असती सांगलीत. लय घाबरी हाय. तिला म्हनावं, बाप बरा हाय. मेंढरंबी बरी हायती."

"सांगते," मी म्हणाले आणि काकांना गाणं लावायची खूण केली. गाण्याची वेळ अजून झाली नव्हती. त्यांनी काचेतून माझ्याकडे पाहिलं आणि काही न विचारता लावलं.