खुर्चीतले वैद्य

माझा धाकटा भाऊ न्हावी. हात इतका हलका की दाढी करता करता गिऱ्हाईक घोरायला लागतं. अक्कल मात्र देवाने द्यायचीच राहून गेली.

त्याच्या धंद्याचा एक नियम आहे. खुर्चीत बसलेल्याला कधी नाही म्हणायचं नाही. कोणी म्हणालं पाऊस पडणार, की पडणार. पुढचा म्हणाला नाही पडणार, की छे, कुठला पडतोय. इथवर ठीक होतं. पण रक्तात साखर वाढायला लागली आणि या गाढवाने तोच नियम पोटालाही लावला.

डॉक्टरीणबाईंनी सरळ सांगितलं होतं. गोड आणि तळलेलं कमी करा, भाज्या वाढवा. डाळ, अंडी, दही, थोडा भात, सगळं वेळेवर खा. यात न कळण्यासारखं काय आहे? पण याने ते दुकानात बोलून दाखवलं. विमा विकणारा म्हणाला, धान्य म्हणजे विष. भात बंद. निवृत्त मास्तर म्हणाले, दूध वासरासाठी असतं. दही बंद. ज्याचं पोट त्याच्याआधी कोर्टात शिरतं तो वकील म्हणाला, डाळींनी वात होतो. डाळ बंद. अंडी कोणी बंद केली ते त्यालाही आठवत नाही. उंटावरून शेळ्या हाकणाऱ्यांना काय तोटा? शेवटी उरली काकडी, पालकाचा रस आणि तोरा.

"ताई, किती हलकं वाटतंय," तो म्हणायचा.

"डोकं हलकं होतंच," मी म्हणायचे. "आता बाकीचा तू त्याला शोभतोस."

भावजय ताट वाढायची, हा सरकवायचा. दुपारी चक्कर आली की आरशाची कड धरून उभा राहायचा. केस गळायला लागले, तेही न्हाव्याचे. मग हात थरथरायला लागला. न्हाव्याचा हात गेला की त्याच्याकडे उरतं काय? मी घसा फोडून सांगितलं. पण मी कुठे त्याच्या खुर्चीत बसते?

एक दिवस वकिलाच्या गालाला वस्तरा लागला. जखम फार नव्हती, पण रक्त आलं. वकील समोरच्या न्हाव्याकडे गेला, पाठोपाठ मास्तरही. सल्ला फुकट द्यायचा आणि गाल सांभाळून ठेवायचा, असली ही माणसं. भाऊ म्हणाला, वस्तऱ्याची धार बिघडली होती.

वडील माझ्याकडे असतात. दुकान त्यांचंच, हाताला वळणही त्यांनीच लावलं. रविवारी तो त्यांची दाढी करायला आला. त्यांनी उशीला टेकून हनुवटी वर केली, डोळे मिटले. वस्तरा गळ्याशी आला आणि वडिलांनी डोळे उघडले. त्याचं मनगट धरलं, वस्तरा काढून घेतला, मिटून उशाशी ठेवला.

"आज राहू दे," म्हणाले. "आधी जेवून ये."

तो स्वयंपाकघरात आला. मी ताट वाढलं: भात, डाळ, भाजी, दोन अंडी. चांगले चार शब्द सुनवायचं ठरवलं होतं, पण त्याला मान खाली घालून जेवताना पाहिलं आणि मलाच रडू आलं.

एका जेवणाने हात थोडाच परत येतो? तो पुन्हा डॉक्टरीणबाईंकडे गेला, या वेळी ऐकून आला. तोवर वडिलांची दाढी वाढत राहिली. तो समोरचा न्हावी वस्तरा घेऊन आपणहून घरी आला. वडिलांनी त्याला बसवलं, चहा पाजला आणि परत पाठवलं.

"माझा न्हावी जेवतोय," म्हणाले.