स्थळाची चौकशी आणि तीन मेटल कॅसेटी

नव्वदच्या दशकातला एक रविवार. मी पेणहून रोह्याच्या एसटीत बसलो होतो आणि घरच्यांनी माझ्यावर हेरगिरी सोपवली होती... धाकट्या बहिणीला, वासंतीला, आलेल्या स्थळाची चौकशी.

मुलगा शेखर, रोह्याजवळ धाटावला एका केमिकल कंपनीत शिफ्ट इंजिनिअर. पत्रिका जुळत होती, उंची जुळत होती. पण वासंतीचं आधी ठरलेलं लग्न साखरपुड्याच्या तोंडावर मोडलं होतं... त्या मुलाने नोकरी सुटल्याचं लपवलं होतं. त्यामुळे या खेपेला ती मला एवढंच म्हणाली, "दादा, चांगलं काय ते सगळेच सांगतात. तू वाईट काय ते विचारून ये."

चौकशीचा आमच्याकडे एक शिष्टाचार आहे. मुलाला पत्ता लागू द्यायचा नाही, शेजारीपाजारी विचारायचं आणि चेहरा 'सहज आलो होतो' असा ठेवायचा. मी शाळेत संस्कृत शिकवायचो. समोर कुणी ऐकत नसताना निर्विकार राहण्याचा सराव होताच.

त्याच्या घरमालकीण म्हात्रेकाकू ओटीवर भाजी निवडत बसल्या होत्या. "पोरगा सोन्यासारखा हाय," त्या म्हणाल्या. "दारू नाय, तंबाखू नाय. पन ड्यूटीवरना आला का दार लावतो, नि आतमदी कायतरी कापतो."

"काय कापतो?"

"पत्रा असंल. मधीच कोन तरी वरडतो पन."

वाईट काय ते मिळालं म्हणून मी खूश होतो, तोच नाइट शिफ्ट संपवून शेखर स्वतःच दारात उभा. काकूंनी लगेच ओळख करून दिली. "हे पेनचे. तुझी चौकशी कराया आलेत." मी त्यांना तसं काही सांगितलं नव्हतं... अशा बाबतीत सांगावं लागत नाही.

माझा निर्विकार चेहरा कुठे गेला कोण जाणे. शेखर मात्र शांतपणे म्हणाला, "आत या ना. काकूंनी आवाजाचं सांगितलंच असेल."

खोलीत एक खाट, एक स्टोव्ह आणि भिंतभर कवट्या. पोस्टरच्या. स्टोव्हवर चहा ठेवून त्याने मुंबईच्या मित्राकडून आलेल्या नव्या कॅसेटी काढल्या... "या महिन्यात ऐकण्यासारखे तीन अल्बम आलेत." आमच्याकडे लोक नवा तांदूळ दाखवतात त्या थाटात.

पहिली कॅसेट म्हणजे अतिवेगवान मेटल, रॉकचाच एक कर्कश प्रकार. दोन मिनिटं मी खाट धरून बसलो. मग लक्षात आलं की गिटारवाला चार सूर पुढे म्हणतो, तेच उलटे म्हणतो, पुन्हा पुढे जातो... वेदपठणात घनपाठ असतो, शब्द पुढे-मागे फिरवत म्हणण्याचा, अगदी तसा. मी चक्क "हे परत लावा" म्हटलं.

दुसरा अल्बम त्याच जातीचा, पण चाल हत्तीची. एक ठोका पडला की पुढच्याची वाट बघावी लागे, आणि आपण खरोखरच बघायचो. तिसऱ्याला तो 'नॉइज रॉक' म्हणाला. त्यात चाल नव्हती, ताल चुकवल्यासारखा होता, आणि गिटारमधून कुणीतरी लोखंडी कपाट ओढत नेत होतं.

"यात आवडण्यासारखं काय आहे?" मी खरंच कुतूहलाने विचारलं.

त्याने आवाज कमी केला. "प्लांटमध्ये आठ तास असाच आवाज असतो. तिथे बंद करता येत नाही. इथे बटण माझ्याकडे असतं."

निघताना त्याने तिन्ही कॅसेटी माझ्या पिशवीत घातल्या. "त्यांना ऐकवा आणि मग काय ते कळवा. हे मी सोडणार नाही, आणि नंतर कळण्यापेक्षा..." हा माणूस होकार गमवायला तयार होता, पण कवट्या उतरवायला नाही. परतीच्या एसटीत पेणजवळचं गडब येईपर्यंत मी त्याच विचारात होतो.

घरी टेपरेकॉर्डर माजघरात ठेवून पहिली कॅसेट लावली. आई पोह्याचे पापड लाटत होती. लय वाढत गेली तसे पापड पातळ होत गेले. "हा नवरा आहे की गिरणी?" एवढंच ती म्हणाली.

वडील, म्हणजे आमचे नाना, माझ्याही आधीचे संस्कृतचे मास्तर. ते डोळे मिटून बसले आणि त्यांची बोटं मांडीवर पुढे-मागे हलू लागली. बाजू संपल्यावर निकाल आला, "पाठांतर पक्कं आहे. उच्चार मात्र भ्रष्ट."

वासंतीने तिन्ही ऐकल्या. हत्तीवाल्या अल्बमला जांभई दिली, कपाटवाल्याला कानांवर हात ठेवले. मग पहिली पुन्हा लावली, आणि शेवटपर्यंत ऐकली.

"परत कधी द्यायच्यात?" मी विचारलं.

"तू नको देऊस. मी देईन."

आईचं लाटणं थांबलं. मुलीने स्वतः रोह्याला जाऊन मुलाला भेटायचं, हे आमच्या घरात झालं नव्हतं. नाना काही बोलले नाहीत... त्याला आम्ही परवानगी म्हणायचो.

पुढच्या रविवारी मी सोबत गेलो, पण ओटीवर काकूंशेजारी बसलो. आतलं सगळं ऐकू येत होतं. तिसरी कॅसेट पुढे करून वासंती म्हणाली, "ही मी घरात असताना लावायची नाही."

"चालेल," शेखर म्हणाला.

"आणि पहिली मी देणार नाहीये."

लग्नाची बोलणी एवढीच झाली. पुढे याद्या, मानपान, रुखवत सगळं झालं, पण ते आपलं रीत म्हणून...

चौकशीत माणसाचं खरं रूप शेजाऱ्यांकडून काढावं लागतं, असं मला शिकवलं होतं. इथे माणसाने ते स्वतःच पिशवीत भरून दिलं. त्यासाठी मी शेखररावांचा कायमचा ऋणी आहे, आणि आजही भेटलो की पहिल्यांदा हेच विचारतो... "या महिन्यात नवीन काय?"