चुनेवालीने राखलेलं छत

दिवाणखान्याचं छत पाडायचं ठरलंय, हे चुनेवालीला कळलं तेव्हा परांची बांधूनही झाली होती.

चुनेवाली म्हणजे हवेलीची डागडुजी करणारी बाई. साठीच्या घरातली, अंगानं किरकोळ, जिभेनं तिखट. चुन्याचं काम तिला सासऱ्यांनी शिकवलं. नवरा कारखान्यात गेला, थापी तिनं उचलली. गवंडी फिदीफिदी हसले. वर्षभरात त्यांची तोंडं बंद झाली.

हवेली शंभर वर्षांपूर्वी एका कापूस-व्यापाऱ्यानं बांधली. पुस्तकात जुन्या किल्ल्यांची चित्रं पाहून गडी हट्टाला पेटला, घर हवं तर असंच! म्हणून टोकदार कमानी, रंगीत काचा, नि शत्रू कधी फिरकलाच नाही अशा चार बुरुजांना बाण सोडायच्या फटी. दगड वाटतो ती साधी वीट. वरच्या गिलाव्यात सांध्यांच्या रेघा मारलेल्या. आता तिथं सार्वजनिक वाचनालय आहे.

"मावशी, मुळातच नक्कल आहे ही," नवे इंजिनिअर म्हणाले. "छत पोकळ झालंय. फायबरचं बसवू. कुणाला कळणार?"

"मला कळेल. ठोकून पाहिलंत?"

"खालून भेगा दिसतात की!"

तिनं पदर खोचला आणि शिडी चढली.

"खाली या! कामावरून काढतील तुम्हाला!"

"काढू देत. तोवर तुम्ही वर या."

दोन दिवस ती पाठीवर पडून छतावरची चुन्याची पानंफुलं बोटांनी वाजवत होती. पोकळ लागेल तिथं लाल खडूची फुली. मजूर खाली हात बांधून उभे. बाई वर असताना घण कोण घालणार? दुसऱ्या दिवशी दुपारी इंजिनिअर बांबूला घट्ट धरत, पुटपुटत वर आले. तिनं त्यांचंच बोट धरून फुलावर आपटलं.

"हे टणक. आता हे... बद्द वाजलं ना?"

मग ते एकटेच तासभर वाजवत राहिले. अख्ख्या छतावर फुल्या निघाल्या एकोणीस.

"दुरुस्त होईल?"

"नक्कल म्हणालात ना? पण ती करणाऱ्यांचे हात खरे होते. माझेही आहेत."

पाडायचा हुकूम त्यांनी स्वतः रद्द करून घेतला, वरिष्ठांची बोलणी खाऊन. आठ महिने ती छताशी झुंजली. मागच्या एका बुरुजाला मात्र तिचं न ऐकता सिमेंट फासलं गेलं, आणि दुसऱ्याच वर्षी त्याचे पोपडे निघाले. तेव्हा इंजिनिअर तिच्या दारात आले.

"येते," ती म्हणाली. "पण आधी ते सिमेंट खरवडा. मगच थापी हातात घेईन."